मडक्यानं कुंभाराला विचारायचं की नाही

बायबलात पौलाचं एक पत्र आहे, रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं. त्याच्या नवव्या अध्यायात कुंभार येतो. एकाच गोळ्यातून तो एक भांडं मानाचं घडवतो, दुसरं हलक्या कामाचं. मडक्यानं उलटून विचारायचं नाही की बाबा, मला असं का घडवलंस? मातीचा गोळा कुंभाराला जाब विचारणारा कोण लागून गेला, असा पौलाचा रोख.

आपल्या माणसानं हे वाचून पुस्तक मिटू नये. पेशवाईत पुण्यात आपल्याच माणसाच्या गळ्यात मडकं होतं, थुंकी रस्त्यावर पडून बामण बाटू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते नोंदवून ठेवलंय. तेव्हा कुठलं मडकं मानाचं आणि कुठलं हलकं हे कोण ठरवतो, हा सवाल आपल्याला ऐकीव नाही. गळ्यात वागवलेला आहे.

तुम्ही म्हणाल, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव-बिव सोडला, मग ख्रिस्ती लोकांच्या भांडणात ह्यानं नाक का खुपसावं? सांगतो. त्यांचं भांडण असं आहे : माणसाचं तारण होतं ते कुणामुळे? देवानं त्याला निवडला म्हणून, का त्यानं आपण होऊन होकार दिला म्हणून? सोळाशे वर्षं झाली, मिटलेलं नाही. आता ह्यातून देव काढून बाजूला ठेवा. तरी सवाल उरतोच, की पडलेला माणूस उठतो तो कुणामुळे? हा सवाल आपल्या दर मिटिंगमध्ये असतो, फक्त आपण त्याला नाव देत नाही.

ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतला, हिप्पो शहराचा बिशप. इ.स. ४३० साली वारला. त्याच्याच काळात ब्रिटनकडून आलेला पेलॅजियस नावाचा साधू रोममध्ये शिकवत होता. पेलॅजियसचं म्हणणं सरळ होतं. देवानं आज्ञा दिली म्हंजे ती पाळायची ताकदही दिली. जे जमणारच नाही ते करायला सांगणारा कसला देव? माणसानं मनावर घेतलं तर तो नीट वागू शकतो. ऑगस्टीन म्हणाला, अरे, मनावर घेणार कसा? मनच मोडलंय. आदामाच्या पापापासून मोडलंय. त्याला आधी कृपेचा हात लागतो, मग ते उठतं. आणि ही कृपा कमावता येत नाही. ज्याला मिळते त्याला फुकट मिळते. इ.स. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलॅजियसची मतं मोडीत काढली.

आपल्या पोरांना पेलॅजियस झटकन आवडेल. हात आहेत, पाय आहेत, ऊठ की लेका! पण त्याचं म्हणणं जरा उलटं करून बघा. ज्यानं मनावर घेतलं तो वर गेला. मग जो गेला नाही तो? त्यानं मनावर घेतलंच नाही. तो आळशी, तो नालायक. हे आपण कुठं ऐकलंय? राखीव जागांच्या नावानं खडे फोडणारा हेच बोलतो, की संधी दिली होती, ह्यांच्यातच दम नाही. आणि लिहायला जड जातं, पण आपल्यातलाच क्वार्टर मिळालेला साहेब जयंतीला वस्तीत येतो तेव्हा तोही हेच बोलतो. मी शिकलो, तुम्हाला काय धाड भरली होती? दारू सोडा. जशी काय दारू आभाळातून पडली वस्तीत!

ऑगस्टीनकडे हा माज चालत नाही. त्याच्याकडे सगळेच खड्ड्यात, बिशपही आणि भिकारीही. मनूकडेही जन्माचा विटाळ आहे, पण तो पायरीपायरीनं. ऑगस्टीनचा विटाळ सरसकट, वरची पायरीच नाही. पुण्याची गाठोडी दाखवून कुणी रांगेत पुढं घुसायचं नाही. आता जन्मलेलं पोर दोषी धरणं मला पटत नाही. ज्याच्या आज्या-पणज्याला जन्मावरून दोषी धरलं त्याला ते पटावं तरी कसं? पण माणसाची इच्छाच मोडलेली असू शकते, हे त्यानं बरोबर हेरलं. आरोपी मात्र चुकीचा धरला. आदामाला धरलं आणि उपाशी पोटाला, सावकाराला, गावकुसाला सोडून दिलं.

माझ्या शेजारच्या साच्यावर एक ख्रिस्ती गडी आहे, मूळचा नगरकडचा. तिकडं १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं आणि महार-मांग माणसं पुष्कळ ख्रिस्ती झाली. हे मिशनवाले कॅल्विनच्या परंपरेतले, म्हंजे देव निवडतो असं मानणाऱ्यांच्या घराण्यातले. मी त्याला डिवचलं, तुमचा देव निवडानिवड करतो, मग तो आणि मनू ह्यात फरक काय? तो म्हणाला, “आमच्या पणज्याला विचारायला पाहिजे होतं तू. त्याला सगळा जन्म एकच विचारत आले, तुझी लायकी काय? पहिल्यांदा कुणीतरी लायकी न विचारता आत घेतलं. त्याला कृपा म्हंजे तेवढंच कळलं.” ह्यावर मी गप बसलो. पणजोबाला जे कळलं ते खोटं नव्हतं. पण न विचारता आत घेणारा न विचारता बाहेरही काढू शकतो. सगळं त्याच्याच मर्जीवर.

ही मर्जी जिनिव्हाच्या कॅल्विननं सोळाव्या शतकात पार टोकाला नेली. जग घडायच्या आधीच ठरलंय, कोण तरणार नि कोण बुडणार. तरणाऱ्याच्या अंगात काही चांगलं दिसलं म्हणून नव्हे. मग का? देवाची मर्जी. त्याच्या पलीकडे विचारायचं नाही. हा ठराव अंगावर काटा आणणारा आहे, हे कॅल्विननं स्वतः कबूल केलंय. एवढा प्रामाणिकपणा त्याला मोजावा लागेल. ठराव मात्र तसाच ठेवला.

त्याच्याच शाळेतून आर्मिनियस निघाला. डच माणूस, जिनिव्हात शिकलेला, लायडनच्या विद्यापीठात प्रोफेसर, १६०९ ला वारला. तो पेलॅजियससारखं नुसतं ‘ऊठ’ म्हणत नाही. माणूस मोडलाय, मान्य. कृपेचा हात आधी यायला पाहिजे, तेही मान्य. पण तो हात सगळ्यांकडे येतो आणि माणूस तो झिडकारू शकतो. झिडकारता येत नसेल तर तो हात कसला, ती बेडी. (बेडी हा शब्द माझा. मुद्दा त्याचा.) मला ह्या सगळ्या भांडणात हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो. आपल्यालाही कृपा करणारे भेटले होते. ‘हरिजन’ हे नाव त्यांनी आपल्याला न विचारता दिलं. आपण ते झिडकारलं, आणि झिडकारताना आपण काय आहोत ते आपल्याला कळलं.

आर्मिनियस मेल्यावर १६१० साली त्याच्या लोकांनी पाच कलमी अर्ज केला. त्यावर १६१८-१९ ला डॉर्ट गावी मोठी धर्मसभा भरली, परदेशातून पंडित आले, शंभरावर बैठका झाल्या, आणि पाचही कलमं फेटाळली. सुमारे दोनशे पाळकांच्या जागा गेल्या. त्यांची बाजू राखणारा म्हातारा पुढारी ओल्डनबार्नेव्हेल्ट, सत्तरी ओलांडलेला, त्याचं १३ मे १६१९ ला हेगमध्ये मुंडकं उडवलं. त्यात राजकारणही होतं, राजपुत्र मॉरिसशी वैर होतं. पंडित ग्रोशियसला जन्मठेप झाली. तो १६२१ ला पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून पळाला. पुस्तकाच्या पेटीनं सोडवलेला माणूस! ह्या सगळ्या रुक्ष भांडणात एवढी एकच गोष्ट मी मित्रांना पुन्हा पुन्हा सांगतो.

आता कुणी म्हणेल, सोपं आहे, निवडवाले जुलमी आणि इच्छास्वातंत्र्यवाले आपले. तसं नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात वेस्ली आणि व्हिटफील्ड हे दोघे मित्र ह्याच सवालावर फुटले. वेस्ली म्हणे कृपा सगळ्यांसाठी, व्हिटफील्ड म्हणे निवडलेल्यांसाठी. व्हिटफील्डनं अमेरिकेत जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर करा म्हणून खटपट केली, स्वतः गुलाम ठेवले. वेस्लीनं १७७४ ला गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. इथवर हिशेब जुळतो. पण लेम्युएल हेन्स बघा. काळा बाप, गोरी आई, करारानं बांधलेलं पोर म्हणून वाढला, बरंचसं स्वतःच शिकला, पुढं व्हरमाँटमध्ये गोऱ्यांच्या चर्चचा तीस वर्षं पाळक झाला. हा पक्का कॅल्विनवाला, आणि ह्यानंच १७७६ च्या सुमाराला गुलामगिरीविरुद्ध लिहिलं. सगळं देवाच्या हाती आहे, म्हंजे मालकाच्या हाती काही नाही, असा अर्थ त्याच शिकवणीतून निघू शकतो. उलट वेस्लीच्या अमेरिकन चेल्यांनी १७८४ ला गुलामगिरीविरुद्ध कडक नियम केला आणि वर्षभरात ढिला सोडला.

डॉर्टची शिकवण डच लोकांनी दक्षिण आफ्रिकेत नेली. तिथल्या चर्चनं १८५७ ला ठरवलं, काळ्यांची उपासना वेगळी बसवायला हरकत नाही, काही जणांच्या ‘दुर्बलतेमुळे’. दुर्बल म्हंजे कोण, तर काळ्या माणसाबरोबर एका मेजावर प्रभुभोजन घेणं ज्यांना झेपत नव्हतं ते गोरे. वेगळी कपबशी आपल्याला माहीत आहेच. तिथून पुढं वर्णभेदाला चर्चनं धर्माचा आधार दिला. आणि १९८२ ला ओटावात कॅल्विनच्याच परंपरेतल्या चर्चांच्या जागतिक संघानं वर्णभेदाच्या ह्या धार्मिक समर्थनाला पाखंड ठरवलं, दोन गोऱ्या चर्चांचं सभासदत्व स्थगित केलं, आणि अ‍ॅलन बोसाक ह्या दक्षिण आफ्रिकेतल्या बिगरगोऱ्या पाळकाला अध्यक्ष निवडलं. शिकवण तीच, पण ह्या वेळी मडकं बोलत होतं.

म्हणून मी शिकवणीला आधी एकच विचारतो, तू प्रश्न विचारू देतेस का? पौलाच्या कुंभारापुढं तोंड उघडायचं नाही. पण त्याच बायबलात यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात दुसरा कुंभार आहे. त्याच्या हातात भांडं बिघडतं तेव्हा तो त्याच मातीचं दुसरं करतो. आणि लोक वळले तर देवही आपलं ठरवलेलं बदलतो, असं तिथं आहे. आर्मिनियसच्या बाजूचे लोक ह्या कुंभाराकडे बोट दाखवतात.

बुद्धाला कुंभारच नको. अंगुत्तर निकायाच्या तिसऱ्या निपातात तो तीन मतांना एकदमच धरतो : सगळं मागल्या जन्मीच्या कर्मानं होतं, सगळं ईश्वर घडवतो, सगळं विनाकारण होतं. तो म्हणतो, मग खून करणाराही त्यामुळेच खुनी. मग हे करावं, हे करू नये, ह्याला जागाच कुठं उरली? पण तो पेलॅजियसही होत नाही. इच्छेलाही कारणं असतात, कारणं बदलली की इच्छा बदलते.

येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब जे बोलले त्यात दोन्ही गोष्टी आहेत. हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हतं; हिंदू म्हणून मरणार नाही, हे आहे. आता तारखा बघा. प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षं. त्यात १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला कॉलेज, शिवाय गावोगावच्या सभा. वस्तीत येऊन ‘तुम्हाला काय धाड भरली होती’ म्हणणाऱ्या साहेबानं ही वर्षं मोजावीत. नागपूरला लाखो माणसांनी प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडानं म्हटल्या. बरेच जण त्या दिवशी आले नाहीत. पुढं काही आले, काही अजून आलेले नाहीत, आणि त्यांच्यासाठी तिथं कुणी नरक नेमून ठेवला नव्हता.