पावलांचा साक्षीदार

पेडोमीटर बनवणाऱ्याने कमरेला पट्टा गृहीत धरलेला असतो. साडी नेसणाऱ्या बाईने तो अडकवायचा कुठे? मी परकराच्या नाडीत खोचला. निऱ्यांच्या फुगवट्याने तो तिरका झाला. शंभर पावलं तोंडाने मोजत चालले; यंत्रावर त्रेसष्ट आली. मग निऱ्यांपासून लांब, कमरेच्या हाडावर, उजव्या गुडघ्याच्या सरळ वर सरकवला, तेव्हा अठ्ठ्याण्णव.

माझं यंत्र अगदी साधं आहे. एक बटण, छोटी काच, आत गोल सेल. बारीक स्प्रिंगने तोलून धरलेली एक आडवी दांडी असते. पाऊल टेकलं की कमरेला हलका हिसका बसतो, दांडी खाली-वर होते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. कानाशी धरून हलवलं तर टिकटिक ऐकू येते. म्हणजे हे यंत्र पाऊल मोजतच नाही, कमरेचा हिसका मोजतं. खड्ड्यांतून जाणारी रिक्षाही त्याला बसल्या बसल्या पाच-दहा पावलं मिळवून देते. एवढं ध्यानात ठेवलं तर हे यंत्र फार उपयोगाचं आहे, आणि विसरलं तर अन्यायाचं.

रोज दहा हजार पावलं हा आकडा आता सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचं मूळ जपानमधलं. तोक्यो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, 1965 मध्ये, यामासा या कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचा पेडोमीटर बाजारात आणला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. नाव लक्षात राहिलं आणि नावातला आकडा वैद्यकीय सल्ल्यासारखा जगभर फिरला. 2019 मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय 72. दिवसाला सुमारे 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास ही घट थांबत होती. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण दहा हजारांच्या खाली सगळं व्यर्थ, ही समजूत तरी त्यातून ढासळते.

दहा हजारांचा हिशेब आपल्याकडे ‘मानपो-केई’च्या शंभर वर्षं आधी एका माणसाने बोटांवर पेलला होता. कुमाऊंचे नैनसिंह रावत 1865 साली गुप्तपणे वाट मोजत तिबेटकडे निघाले. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. त्यांची पावलं रस्त्याची लांबी सांगत होती. आपली पावलं आता आपल्याविषयी सांगू लागली आहेत: कोण शिस्तीचा, कोण आळशी. मला खटकतं ते इथे.

कारण यंत्र स्वतः असा भेद करत नाही. एका रविवारी पाहुणे होते, फिरायला जाणं झालं नाही. रात्री नाडीतून यंत्र काढलं तर 6,812. ओट्यापासून फ्रिज, फ्रिजपासून टेबल, टेबलापासून मोरी, गच्चीवरचे कपडे. अशा दिवसांना मी वर्षानुवर्षं ‘आज चालणं झालं नाही’ म्हणत आले होते. माझी आई तर आयुष्यभर म्हणत आली. बूट घालून बाहेर पडलं तरच ते चालणं, बाकी सगळं नुसतं काम, ही विभागणी आमच्या डोक्यात कुणी पेरली?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी कुतूहलाने एक दिवस यंत्र लावून पाहिलं. पाच घरं, तीन जिने, येता-जाता बसथांब्यापर्यंतची वाट. संध्याकाळी चौदा हजारांच्या वर आकडा होता. त्या बराच वेळ काचेकडे पाहत राहिल्या. “मग दवाखान्यात मला रोज चाला म्हणून का सांगतात?” त्यांनी विचारलं. त्यांना साखर आहे, गुडघा दुखतो. दिवसभर काय करता, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिवाय त्या चौदा हजारांत फरशी पुसणं नव्हतंच. उकिडवं बसून सरकताना कमरेला हिसका बसत नाही, की पिळून बादलीभर कपडे वाळत घालतानाही नाही. कामाची पावलं आणि मोकळ्या हवेतली पावलं शरीराला सारखीच मानवतात, असं मी म्हणत नाही. थकल्यावर थांबायची मुभा असणं हा मोठाच फरक आहे. पण सल्ला देण्याआधी ती पावलं हिशेबात तरी धरा. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि कंडक्टर यांची तुलना मांडली, तेव्हा दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी असल्याचं दिसलं. व्यायाम आणि आरोग्य यांच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात अशी नोकरीतल्या पावलांपासून झाली आहे. ते आपण विसरलो.

यंत्राची दुसरी बाजू आईमुळे कळली. ती त्र्याऐंशी वर्षांची. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन पलंगापासून गॅलरीतल्या तुळशीपर्यंत जाऊ लागली, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने तिच्या गाऊनला पट्टा बांधून यंत्र लावलं. ती पाय उचलत नाही, घासत पुढे नेते. जाऊन, टेकून, परत आली. कपाळावर घाम. “किती झाली गं?” काचेवर चार होती.

मी खोटं बोलले, चाळीस म्हणाले. रात्री वाचलं की हळू आणि घासत चालणाऱ्यांची पावलं असल्या स्प्रिंगच्या यंत्राला बहुतेक कळतच नाहीत. ज्यांच्या एकेका पावलाला सर्वांत जास्त कष्ट पडतात, नेमकी त्यांचीच गळतात.

दुसऱ्या दिवशी आईला खरं सांगितलं. ती रागावली नाही. तिने दोन वाट्या मागवल्या, एकीत चिंचोके. तुळशीपर्यंत एक फेरी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. काल सात झाले. आठवा तिने हातात घेतला होता, तो परत ठेवला आणि म्हणाली, “उद्या.”