दिलेल्या गाडीची हळहळ

ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतली त्या जातीची शेवटची टॅक्सी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून धावायची बंद झाली. त्या आठवड्यात शहराला आलेला गहिवर पाहण्यासारखा होता. एरवी तिच्या गचक्यांना, उकाड्याला आणि आतून न उघडणाऱ्या दारांना शिव्या घालणारी माणसे आठवणी लिहू लागली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनीही तिला निरोप देताना ती गैरसोयीची, बेभरवशाची आणि गोंगाट करणारी होती हे आधी मान्य केले आणि मग तिने वाहून नेलेल्या आठवणींबद्दल लिहिले. निदान एक तरी पद्मिनी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली.

हीच हळहळ अनेक घरांत त्याआधीच येऊन गेली होती. फरक इतकाच, की तिथे गाडी कायद्याने गेली नव्हती, एक्स्चेंजमध्ये गेली होती. शोरूमच्या टेबलावर जुनीची किंमत ठरली, ती नवीच्या बिलातून वजा झाली आणि किल्ली पलीकडे सरकवली गेली. हार नाही की नारळ नाही. नवी गाडी घेताना मात्र दोन्ही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. तिला ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये मिळाले, पण घरोघरी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. परवान्यांच्या राज्यात पैसे भरूनही तिच्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आणि एवढी वाट पाहून दारात आलेली ही गाडी तिरसट आजोबांसारखी होती. तिची मर्जी सांभाळल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसे. सकाळी चोक किती ओढायचा, हे एकट्या बाबांनाच कळे. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ धरली की पंपावर ओला फडका टाकायचा, घाटात काटा वर चढला की बॉनेट उघडून उभे राहायचे, पॉइंट घासायचे, प्लग पुसायचे, आणि तरीही नाहीच ऐकले तर बाकीच्यांनी उतरून धक्का मारायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढची सीट बाकासारखी सलग. त्यामुळे पुढेही तिघे बसत आणि धक्का मारायला माणसे कमी पडत नसत.

इतकी मेहनत घ्यायला लावणाऱ्या वस्तूवर जीव जडतो, यात नवल नाही. नवी गाडी मालकाकडून काहीच मागत नाही. बिघडलीच तर सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक लावून दोष शोधतात आणि मालक काचेपलीकडे कॉफी पीत बसतो. जुनी गाडी देऊन टाकल्यावर जी रुखरुख लागते, तिच्यात गाडीचा वाटा थोडा असतो. फडका कुठे टाकायचा हे ज्याला माहीत होते, त्या माणसाची गरज संपली, ही बोच मोठी असते. ती खरी आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. पण तेवढ्यावरून गाडी द्यायला नको होती, असे ठरत नाही.

कारण टॅक्सीबद्दलची ही हळहळ बहुतेकदा प्रवाशाची असते, चालकाची नसते. सीएनजी आल्यावर सिलिंडरने डिकी खाल्ली आणि सामान टपावर गेले. ते चढवणारा टॅक्सीवालाच होता. जुन्या पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता, तेव्हा तिचा धूर ज्यांच्या छातीत गेला त्यांनाही या हिशेबात धरायला हवे. आठवणीला इंजिनचा वास येतो, धुराचा खोकला येत नाही.

मग ठेवून घेणाऱ्यांचे काय? देशातली पहिली मारुती ८०० इंदिरा गांधींच्या हस्ते १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. किंमत ४७,५०० रुपये. त्यांनी ती जन्मभर विकली नाही. २०१० मध्ये ते गेले आणि देशाच्या वाहन-इतिहासातली ही गाडी घराबाहेर गंजत पडली. पुढे कंपनीने तिची डागडुजी करून ती आपल्या मुख्यालयात ठेवली. तेवढे नशीब कितीजणींना लाभते? सोसायट्यांच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली, चारही चाके बसलेल्या गाड्या पाहिल्या की न विकणे आणि निगा राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटते.

दुसरे टोक अमेरिकेने दाखवले. २००९ च्या मंदीत तिथल्या सरकारने जास्त पेट्रोल पिणाऱ्या जुन्या गाड्या देऊन नव्या घेणाऱ्यांना साडेचार हजार डॉलरपर्यंत अनुदान दिले. काही आठवड्यांतच पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या जमा झाल्या. त्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातले तेल काढून त्या जागी सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे, असा नियमच होता. चांगल्या चालणाऱ्या गाड्याही अशा मारल्या गेल्या. धोरण म्हणून त्यामागे तर्क होता. पण किल्ली देणाऱ्या कितीजणांनी पुढे काय होणार हे विचारले असेल?

विचारायला हवे ते इथेच. गाडी गेल्याचे दुःख करणारा माणूस ती कुणाकडे गेली, याची चौकशी क्वचितच करतो. ब्रेक एका बाजूला ओढतात, पावसात वायरिंग दगा देते, हे सगळे त्याला पाठ असते. भाव पडेल म्हणून तो गप्प राहतो. त्या मौनाची किंमत पुढचा खरेदीदार मोजतो, बहुधा आपल्यापेक्षा कमी ऐपतीचा. ज्या गाडीवर एवढा जीव होता तिचे दोष लपवून ती विकायची आणि नंतर तिच्यासाठी उसासे टाकायचे, यात प्रेम कमी आणि सोय जास्त आहे.

कायद्याच्या नजरेतही किल्ली दिल्याने नाते तुटत नाही. एक गाडी एकापाठोपाठ एक अनेक हातांत गेली, आरसीवर मात्र जुन्याच मालकाचे नाव राहिले आणि अपघात झाला. अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच टाकली. तेव्हा जुनी गाडी द्यायची असेल, तर तिचे दोष कागदावर लिहून द्या. भंगारातच जाणार असेल, तर नोंदणीकृत केंद्रात द्या आणि तिथले प्रमाणपत्र घ्या. विकत असाल, तर फॉर्म २९ आणि ३० भरा, आणि महिन्याभराने आरसीवरचे नाव बदलले की नाही, हे स्वतः तपासा.