उपचार कोणावर?

अन्याय एकाने करावा आणि औषध दुसऱ्याने घ्यावे, हे न्याय्य आहे काय? सहाध्यायांच्या छळाने धास्तावलेल्या मुलास समुपदेशकाकडे नेतात, तेव्हा हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. आमच्या माधवगंजात काय किंवा अन्यत्र काय, शाळेच्या वेळीच पोटात दुखणारे आणि रविवारी ठणठणीत असणारे एखादे मूल आढळतेच. "तूही दोन ठेवून दे" हा वडीलधाऱ्यांचा त्यावरील ठरलेला उपचार.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकास परकी नाही. डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजविली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापिलेल्या संस्थेने ती सामान्य घरांपर्यंत नेली. १९५५ पासून एलिस सांगत आले ते असे, की केवळ घटनेने आपण व्याकूळ होत नाही, घटनेकडे पाहण्याच्या दृष्टीने होतो. चौदा वर्षांच्या मुलास हे ऐकविणे प्रथमदर्शनी क्रूरच वाटते. त्याचा डबा तर खरोखरच फेकला गेला आहे!

परंतु एलिस तो डबा फेकणे क्षम्य मानीत नाहीत. 'हे वाईट झाले' आणि 'म्हणून मी कवडीमोल आहे' ही दोन वाक्ये ते वेगळी करतात. पहिले मुलाने जपावयाचे, दुसरे तेवढे सोडावयाचे.

नुसत्या विचाराने भागत नाही, म्हणून या पद्धतीत भावना आणि वर्तनही आले. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलून एलिस यांनी स्वतःचा संकोच घालविला, ही कथा प्रसिद्धच आहे. भीतीस पायरीपायरीने सामोरे जावे, जोडीला श्वासाचा आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव करावा, ही वर्तनोपचाराची वाट. मात्र उद्यानात एलिस यांच्या अंगावर कोणी धावून आले नाही. कल्पिलेले संकट घडले नाही, म्हणूनच भय ओसरले. छळ चालूच असलेल्या वर्गात मुलास 'धीराने जा' म्हणून धाडले, तर दर खेपेस त्याची भीती खरी ठरते आणि अधिक मुरते.

म्हणून उपचारांची सांगड घालताना क्रमास महत्त्व आहे. स्वतःस दोष देण्याची सवय पहिल्या दिवसापासून सोडवावी. भीतीस सामोरे जाण्याचा सराव छळ थांबल्यावरच. शासकीय सेवेत आम्ही पाहिले, की तक्रारदाराचीच बदली करणे सर्वांस सोयीचे असते. शाळाही त्याच मार्गाने जातात: मुलाचा वर्ग बदलतात, छळणारे जागच्या जागी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये छळप्रतिबंधाच्या सूचना शाळांना दिल्या. पण मधली सुट्टी, सायकलींची जागा, शाळेच्या बसचे मागचे बाक समुपदेशकाच्या खोलीतून दिसत नाहीत. तेथे वर्गशिक्षकानेच जाऊन उभे राहावयास हवे, आणि तो उभा राहतो की नाही, हे पालकांनी विचारावयास हवे.