उशिरा येणाऱ्यांसाठी

रखमाबाई राऊत १८८९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या, तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. इतरांची शाळा-कॉलेजात जाणारी वर्षं त्यांची कोर्टकचेरीत गेली. पती दादाजी भिकाजींचा दावा, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा १८८७ चा निकाल, मग १८८८ ची तडजोड. शिक्षण बरंचसं घरीच, पुस्तकांच्या आधाराने झालेलं. अशा वाटेने आलेल्या या बाईंनी पुढे सुरत आणि राजकोटला अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

२०१८ मध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्यासाठी खुल्या गटाला नेमकी २५ वर्षांचीच कमाल मर्यादा घातली गेली होती. २०२२ मध्ये ती उठली. त्यानंतरच्या वर्षी आणखी एक चांगला निर्णय झाला: बारावीला जीवशास्त्र नसलं तरी ते पुढे जादा विषय म्हणून पूर्ण करून परीक्षा देता येते. ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी तर २०२० मध्ये वयाच्या चौसष्टाव्या वर्षी नीट पार करून सरकारी कॉलेजात दाखल झाले. नियम आता उशिरा येणाऱ्याला अडवत नाहीत. परीक्षा मात्र अडवते.

१८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं की एक वजा. आयसीयूत दहा वर्षं काढलेल्या एखाद्या सिस्टरचा विचार करा. पोटॅशियम शिरेतून भरभर दिलं तर काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको. पण मिनिटाला एक प्रश्न या वेगात प्रक्षेप्य गतीचं गणित सोडवणं हा रोजच्या सरावाचा भाग आहे, आणि सराव तुटला की तो वेग सगळ्यात आधी जातो. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असले, तरी अशा उमेदवारांचं घोडं बहुधा भौतिकशास्त्रात अडतं. वर्षभराचा ड्रॉप घेऊन लातूरच्या कोचिंग क्लासला राहिलेला मुलगा दिवसभर तेच करत असतो. सिस्टर नाइट ड्युटी संपवून, घरचा डबा करून पुस्तक उघडते.

मग अनुभवासाठी मुलाखत ठेवावी का? माझ्या मते मुळीच नको. मुलाखत आली की ओळख आणि पैसा मागच्या दाराने आत येतात, आणि त्याचा फटका गरीब मुलांनाच बसतो. एकच लेखी परीक्षा राहू दे. तिच्यापर्यंत पोचण्याची सोय मात्र सरकारने करायला हवी.

सेवेत असलेल्यांसाठी अशी सोय करायला आधारही आहे. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केला. जीएनएम ही नर्सिंगची पदविका झालेल्या परिचारिकेला पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करता येतं, म्हणजे नर्सिंगमध्ये आधीचं शिक्षण जमेस धरलं जातं. एमबीबीएसच्या दारात मात्र त्या सगळ्याची किंमत शून्य. सरकारी सेवेतल्या परिचारिका, फार्मासिस्ट आणि तंत्रज्ञांसाठी एमबीबीएसच्या थोड्या जागा राखाव्यात आणि गुणवत्ता यादी नीटच्याच गुणांवर लावावी. त्याआधी वर्षभराची पगारी अभ्यासरजा द्यावी. भौतिकशास्त्राचे आणि त्यासाठी लागणाऱ्या गणिताचे वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी चालवावेत, म्हणजे मुलंबाळं आणि म्हातारे आईवडील मागे ठेवून कुणाला लातूर गाठावं लागणार नाही.