उपयोग सरला म्हणजे ऋण सरते काय?

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार नित्य पदार्थांपैकी जीवाचा विचार करताना साधकाची दृष्टी बहुधा मनुष्यदेहातील जीवावरच स्थिरावते. ज्ञानाचा अधिकार मनुष्यदेहात असल्याने ते स्वाभाविकही आहे. परंतु पशुदेहात भोग भोगणारा जीव हाही जीवच होय. या दृष्टीने एक प्रश्न विचारार्ह आहे. सैन्यात अथवा पोलीस दलात आयुष्य वेचलेले श्वान वृद्ध झाले म्हणजे त्यांच्याविषयी मनुष्याचे काही कर्तव्य उरते काय?

दीपनगरातल्या वासनिकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. वीजकेंद्राच्या या वसाहतीपासून जवळच, भुसावळ व वरणगाव येथे, सैन्यासाठी सामग्री करणारे कारखाने आहेत. सामग्रीचा हिशेब कसा असतो, हे तेथील कामगार जाणतो. वस्तू निकामी ठरली की ती भंगारात जाते. वस्तूच्या बाबतीत हा न्याय ठीकच आहे. तोच जीवाला लावला म्हणजे अधर्म सुरू होतो.

असे घडलेले आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने सुमारे ४,००० श्वान वापरले. ते सामग्रीत गणले गेल्यामुळे त्यांतील फारच थोडे मायदेशी परतले. निवृत्त श्वान दत्तक देण्यास मोकळीक देणारा कायदा तेथे २००० साली झाला. भारतीय सेनेतही सेवेस अयोग्य ठरलेल्या श्वानांना औषधाने मरण देण्याची रीत होती. २०१५ मध्ये ती लोकांपुढे आली व प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्यानंतर धोरण बदलले व मेरठ येथे अशा श्वानांना सांभाळण्याची सोय झाली.

महाराष्ट्रातील उदाहरणे अधिक परिचयाची आहेत. १९९३ च्या स्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढले. २००० साली कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याला सन्मानपूर्वक निरोप देण्यात आला. २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ‘सीझर’ने हातबॉम्ब शोधला. तो व त्याचे सोबती निवृत्तीनंतर विरार येथील एका शेतावर राहिले. तेथे त्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा झाली. २०१६ मध्ये सीझर गेला.

आता कर्माच्या अंगाने पाहावे. श्वानाला शत्रू ठाऊक नसतो, राष्ट्रही ठाऊक नसते. विशिष्ट गंध आला की स्वस्थ बसावे, म्हणजे सांभाळणारा चेंडू देतो, पाठीवरून हात फिरवतो, एवढेच तो शिकलेला असतो. हेतू सर्वस्वी मनुष्याचा, धोका मात्र श्वानाचा. म्हणून त्या सेवेचे ऋणही मनुष्याकडेच राहते.

सशाला अभय दिल्याच्या लीळेचे निरूपण करताना सर्वज्ञांना शरण आलेल्या सशाकडेच लक्ष जाते. त्या प्रसंगी श्वानही होते. पारध्यांनी सोडले म्हणून ते धावले. परंतु स्वामींनी समजावले ते पारध्यांना. ज्याने सोडले त्यालाच उत्तरदायी धरावे, हा बोध त्या लीळेतून निघतो.

यावर कोणी म्हणेल, ‘व्याधीने जर्जर झालेल्या प्राण्याला मरण देणे हीच दया नव्हे काय?’ हा आक्षेप हलका नव्हे. वेदना पाहवत नाही हे खरेच. परंतु येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. केवळ उपयोग सरला म्हणून मारणे याला दया म्हणताच येत नाही; तो खर्च वाचवण्याचा मार्ग आहे. असाध्य वेदनेचा प्रश्न निराळा आहे. तेथेही अहिंसाधर्म प्राण घेण्याची अनुज्ञा देत नाही. मात्र तो तेवढ्यावरच थांबत नाही. ‘मारू नये’ असे जो म्हणतो, त्याने औषध आणावे, जखम धुवावी, रात्री जागावे. हे न करता नुसता निषेध करणाऱ्याची अहिंसा स्वस्त होय. वेदना श्वानाने सोसायची आणि व्रत मनुष्याचे मिरवायचे, असा व्यवहार धर्मात बसत नाही.

भिक्षूला परिग्रह नाही. म्हणून हा भार प्रत्यक्षात गृहस्थावर येतो. भिक्षूने तो धर्म समजावून द्यावा. गृहस्थानेही आपला हेतू तपासावा. केळीच्या बागेला राखण होईल किंवा दारात सैन्यातला कुत्रा शोभेल, म्हणून त्याला आणणे म्हणजे थकलेल्या जीवाला पुन्हा कामाला जुंपणे होय. अशा श्वानाचे सांधे दुखतात, दात झिजतात. फटाक्यांच्या आवाजाने कित्येक बिथरतात. जुना सांभाळणारा दिसत नाही म्हणून कोणी अन्न सोडतो. त्याला साखळी नको; सावली, मऊ अंथरूण, बेताचा आहार, रोज थोडे फिरणे आणि एक ओळखीचा माणूस हवा. एवढे त्याच्या अखेरपर्यंत न कंटाळता देता येत नसेल, तर न आणणे हेच प्रामाणिकपणाचे.

जो काही देऊ शकत नाही, त्याच्याशी मनुष्य कसा वागतो, यात त्याच्या आचाराची कसोटी आहे. म्हातारा श्वान काही देत नाही. त्याने द्यायचे ते आधीच दिलेले असते. म्हणून त्याला घातलेला घास हे दान नव्हे. ती ऋणाची फेड आहे. आणि फेड करणाऱ्याने पुण्याची अपेक्षा धरू नये.