तितिक्षा आणि दाढ

आद्य शंकराचार्यांच्या नावावर परंपरेने चालत आलेल्या ‘विवेकचूडामणी’त मुमुक्षूच्या साधनसंपत्तीचे वर्णन करताना तितिक्षेचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात दोन अटी आहेत : प्राप्त झालेल्या दुःखावर प्रतिकाराचा उपाय करू नये ही एक, आणि त्या दुःखाविषयी चिंता अथवा विलाप करू नये ही दुसरी. थंडी, ऊन, भूक, अपमान यांच्या बाबतीत हे लक्षण पचनी पडण्याजोगे आहे, आणि ज्यांनी ते पचविले अशा सत्पुरुषांविषयी आपल्या मनात आदर असतो तो योग्यच आहे. परंतु मध्यरात्री उशीवर डोके टेकताच ठणकू लागलेल्या दाढेपुढे ते कितपत टिकते, आणि टिकले तरी ते टिकवावे काय, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

दाढदुखीची जातच निराळी. इतर अवयवांना सूज आली तर ते फुगतात आणि त्या फुगण्यात वेदनेला थोडी वाट मिळते. दाताच्या आतील ज्या मृदू गाभ्याला आपण सामान्यतः ‘नस’ म्हणतो, तो मात्र चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असल्यामुळे तेथे दाह झाला की फुगण्यास जागाच नसते, आणि माणूस आडवा होताच डोक्याकडील रक्ताचा दाब वाढून नाडीच्या प्रत्येक ठोक्यानिशी ठणका उमटू लागतो. मनाला अन्यत्र गुंतवावे म्हटले, तर ज्या मस्तकाने चिंतन करावयाचे त्याच मस्तकात शत्रूने तळ दिलेला असतो.

आता आपल्या घरांतून प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. दाढ दुखू लागल्यापासून दंतवैद्याची पायरी चढेपर्यंत जो काळ लोटतो, त्यात लवंगेच्या तेलाचा बोळा होतो, दाढेत हिंग धरला जातो, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या होतात, दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी कोणी गिळतो तर कोणी ती थेट हिरडीवर ठेवून हिरडी भाजून घेतो, आणि मूळ प्रकरण ‘उद्या पाहू’ या शेऱ्यानिशी तहकूब होते. विव्हळणे तेवढे तहकूब होत नाही. म्हणजे तितिक्षेच्या दोन अटींपैकी प्रतिकार न करण्याची अट आपण मूळ विकारापुरती निष्ठेने पाळतो, विलाप न करण्याची सोयीस्करपणे वगळतो, आणि वर या अर्ध्या व्रताला ‘प्रारब्धाचा भोग’ असे भारदस्त नाव देतो. ज्यांच्या तालुक्याच्या गावीही दंतवैद्य नाही, किंवा ज्यांना एका दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही, त्यांच्याविषयी मी हे बोलत नाही; त्यांची फिर्याद सरकारदरबारी आहे आणि ती खरी आहे. मी बोलतो आहे ते ज्यांच्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर असून ज्यांना चिमट्याची धास्ती प्रारब्धाच्या पांघरुणाखाली झाकावयाची असते, अशा तुम्हां-आम्हांविषयी.

प्रारब्धाचा हा मुलाहिजा आपल्या वैद्यकाने कधीच ठेवलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूला, आयुष्याचे मान ठरलेले असते की नसते, असा सरळ प्रश्न विचारतो. त्यावर आत्रेय दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असल्याचे सांगून, सर्वच पूर्वनियत मानले तर औषध, मंत्र, होम यांचे प्रयोजन उरत नाही आणि पिसाळलेल्या जनावराच्या वाटेतून बाजूला होण्याचेही कारण राहत नाही, असे बजावतो. सुश्रुताने तर मुखरोगांची संख्या 65 दिली असून त्यांपैकी 15 दंतमूलाचे आणि 8 खुद्द दातांचे म्हणून मोजले आहेत, व कृमिदंत हा त्या आठांतला एक आहे. हलू लागलेला कृमिदंत उपटून ती जागा डागावी असे सांगणारा हाच शस्त्रवैद्य, वरच्या जबड्यातील दात काढल्यास अतिरक्तस्राव होऊन माणूस काणा होतो किंवा त्याचे तोंड वाकडे होते, म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, असेही सांगतो. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही आजही आजीबाईंच्या तोंडून ऐकू येणारी समजूत पाहिली, म्हणजे तिच्यामागे एका कुशल शस्त्रवैद्याची, रक्त थांबविण्याची साधने तुटपुंजी असतानाची सावधगिरी उभी असावी असे वाटते. साधने बदलली, सावधगिरीची भीती झाली, आणि ती भीती मात्र वहिवाटीने हक्कदार होऊन बसली. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही.

धर्मशास्त्रकारांना आपण कर्मठ म्हणतो, आणि ते होतेही. पण उपचाराच्या बाबतीत त्यांनी दाखविलेली व्यवहारबुद्धी पाहण्यासारखी आहे. आशौचाच्या नियमांत, घरात सूतक असता दहा दिवस हातपाय बांधून बसण्याच्या बंधनातून, ज्यांना सद्यःशौच म्हणून मोकळे सोडले आहे त्यांत राजा व कारागीर यांच्याबरोबर वैद्यही आहे. रोग्याची वेळ वैद्याच्या सुतकासाठी थांबत नाही, हाच त्याचा आशय मानावा लागेल. तसेच, ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे सांगितले आहे त्यांत पाणी, फळे, दूध यांच्या पंगतीला औषध बसविलेले आहे. तेव्हा एकादशी सोडल्यावर गोळी घेईन, अमावास्या टळल्यावर दाढ काढीन, अशी तारीख लावून घेणाऱ्याने धर्माचा हवाला देऊ नये.

यहुद्यांच्या धर्मशास्त्रात हाच प्रश्न अधिक बारकाईने, आणि मौज म्हणजे नेमका दातांच्याच निमित्ताने, चर्चिला गेला आहे. शब्बाथच्या दिवशी काम वर्ज्य, आणि साध्या दुखण्यावरचे औषधही वर्ज्य. म्हणून मिश्नेत असा निर्णय आहे की दात दुखणाऱ्याने त्या दिवशी औषध म्हणून शिरका दातांतून चोखू नये, परंतु नेहमीप्रमाणे भाकर शिरक्यात बुडवून खावी, आणि तेवढ्याने बरे वाटले तर वाटले. हा निर्णय देणाऱ्याच्या गालावर हसू असले पाहिजे. पण पुढे तालमुदात रब्बी योहानान यांची हकीकत येते : त्यांना हिरड्यांचा विकार जडला, एका स्त्रीकडून त्यांनी गुरुवारी व शुक्रवारी उपचार करून घेतला, आणि शनिवारचे काय ही विवंचना उत्पन्न झाली. तेव्हा हा विकार तोंडात सुरू होऊन आतड्यांत संपतो, सबब तो प्राणसंकटात मोडतो, आणि प्राणसंकटापुढे शब्बाथ बाजूला ठेवावा, असा विचार तेथे मांडला आहे. ज्यांचा घाणा शनिवारी बंद राही म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडले, ते आपल्या कोकणातील बेने इस्राएल बंधू याच दिवसाचे पालन करीत आले आहेत. त्या दिवसाचे त्यांच्या लेखी मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सवलतीचे वजन कळेल.

याच्या उलट टोकाला पास्कालची गोष्ट आहे. 1654 नंतर गणिताकडे बहुतांशी पाठ फिरवून ईश्वरचिंतनात रमलेल्या या फ्रेंच तत्त्वज्ञाला 1658 मध्ये एका रात्री दाढदुखीने झोप लागेना, तेव्हा मन गुंतविण्यासाठी त्याने लोळत जाणाऱ्या चाकाच्या कडेवरील बिंदू जी वक्ररेषा आखतो तिचा, म्हणजे चक्रजाचा, विचार सुरू केला. विचार रंगत गेला, वेदना नाहीशी झाली, आणि देवाला हे गणित अप्रिय नाही अशी खूण त्याने त्यातून घेतली, असे सांगतात. आजार सत्कारणी लावता यावा म्हणून देवाची प्रार्थना लिहिणारा हा पुरुष. त्याच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. तरीही आजचा कोणताही दंतवैद्य ही कथा ऐकून थोडा अस्वस्थ होईल, कारण असह्य ठणका आपोआप थांबणे ही पुष्कळदा शुभवार्ता नसते. आतील गाभा मरतो, म्हणून दुखणे थांबते. मग पू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो, काही दिवस किंवा काही महिने गाजावाजा न करता तेथे साचतो, आणि ज्याने ‘बरे झाले, सोसल्याने गेले’ म्हणून समाधान मानले तो एके सकाळी सुजलेला गाल घेऊन उठतो. प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी ती सूज तात्पुरती दबते, मुळाशी असलेले घर रिकामे होत नाही. त्यासाठी दाताची मुळे साफ करून भरावी लागतात, नाहीतर दात काढावा लागतो.

इथवर प्रश्न स्वतःच्या दाढेचा होता. स्वतःची वेदना कोणाला तप म्हणून स्वीकारावयाची असेल तर ती त्याची मुखत्यारी आहे, जरी भगवद्गीतेने हट्टाने देहाला पीडा देणाऱ्या तपाला तामस ठरविले आहे. पण ज्या क्षणी तितिक्षेचा उपदेश दुसऱ्याच्या दाढेला उद्देशून केला जातो, त्या क्षणी ती तितिक्षा राहत नाही. केंब्रिजमध्ये 1930 नंतरच्या दशकात विटगेनस्टाइन आपल्या व्याख्यानांतून दुसऱ्याच्या दातदुखीचे उदाहरण वारंवार घेत असे : ती मला कळते म्हणजे नेमके काय होते, हा त्याचा प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो प्रश्न अनिर्णित ठेवता येतो. स्वयंपाकघरात, पदराने गाल दाबून भाकऱ्या थापणाऱ्या सुनेसमोर, तो अनिर्णित ठेवणे म्हणजे तिच्याविरुद्ध निकाल देणे होय. ‘आमच्या वेळी नव्हते बाई असे दात दाखवायला जाणे’ हे वाक्य जिने उच्चारले, तिने स्वतः सोसले असेल हे खरे. पण तिचे पुण्य तिच्या सुनेच्या जबड्यातून वसूल करता येत नाही.

लहान मुलाच्या बाबतीत तर विलंबाला अंशमात्र क्षमा नाही. शाळेच्या पटांगणात पडून समोरचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर त्या मुळावर चिकटलेल्या तंतूंतील जिवंत पेशी कोरड्या हवेत अर्ध्या-पाऊण तासात मरू लागतात. दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये, घासू नये. माती लागली असेल तर क्षणभर दुधाने किंवा पाण्याने धुऊन जमल्यास तेथेच खाचेत बसवावा, न जमल्यास पेलाभर दुधात टाकून तडक दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. खालून येणाऱ्या पक्क्या दाताला त्याने इजा होते. हे ज्या शिक्षकाला माहीत आहे तो मुलाचा दात वाचवील; ज्याला माहीत नाही तो, कितीही दयाळू असला तरी, तो दात कागदाच्या पुडीत बांधून पालकांच्या हाती देईल.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी धरावी अशी विनंती आहे. दाढेची सूज जबड्याखाली किंवा जिभेखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप चढला, आवाज बदलला किंवा श्वास अडखळू लागला, तर ती दाढदुखी राहिलेली नसते. 1836 मध्ये लुडविग या जर्मन वैद्याने ज्या विकाराचे वर्णन केले आणि ज्याला आजही त्याचेच नाव आहे, तो घशाची वाट बंद करून माणसाचा प्राण घेतो. अशा रोग्याला त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे, सकाळी दंतवैद्याचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये.