धडधड कुणासाठी?



आषाढात दिंड्या पंढरीची वाट धरतात, तेव्हा आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे धानाची रोवणी चालू असते. बांधीत चिखल, धुऱ्यावर गवत आणि गवतात साप. मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात परिचारिका आहे. गळ्यात माळ आहे, पण आषाढी बहुधा ड्युटीवरच जाते.

एक प्रश्न मला फार वर्षे छळत होता. दारात गाडी थांबून "साप चावला" अशी हाक आली की छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, बोटे थरथरतात. भक्ताचे चित्त शांत असते, असे कीर्तनात ऐकलेले. मग माझीच भक्ती कच्ची का?

देहापुरते उत्तर सोपे आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन लहान ग्रंथी संकटात ॲड्रेनालिन रक्तात सोडतात, ते काळीज पळवते. सर्पविषावरचे औषध काहींना उलटते, श्वास कोंडतो. म्हणून ते सलाईनमधून चढवण्याआधी आम्ही ट्रेमध्ये ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तयार ठेवतो. माझे हात कापवणारे तेच द्रव्य रुग्णाचा प्राण राखते. मग त्याला वैरी कसे म्हणू?

मनाचे उत्तर मात्र मला एका काचेच्या नळीने दिले. विष रक्तात भिनले का, हे पाहायला रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठले नाही, तर विषाने काम सुरू केले असे समजायचे. त्या 20 मिनिटांत रुग्णावर नजर असतेच, पण नळीला हात लावायचा नाही. अशाच एका रात्री लक्षात आले, की माझ्या छातीत भीती एक नव्हती, दोन होत्या. "हिचा श्वास चालू राहू दे" ही एक. "माझे काही चुकले तर लोक मला काय म्हणतील?" ही दुसरी. आणि हात कापत होते ते जास्त करून दुसरीने.

नाथमहाराजांच्या पैठणची गोदामाई आमच्या सिरोंच्याला येऊन प्राणहितेला भेटते. त्या नाथांना आपण शांतिब्रह्म म्हणतो. अंगावर थुंकणाऱ्यावर ते रागावले नाहीत, पुन्हा पुन्हा गोदेत स्नान करून आले. पण रामेश्वराला न्यायची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. स्वतःच्या अपमानाने जे हलले नाहीत, ते मुक्या जिवाच्या तहानेने हलले. म्हणजे शांती हे दगडपण नव्हे. 'मी'साठीची तगमग निवणे आणि दुसऱ्यासाठीची जागी राहणे, ही शांती.

तेव्हापासून धडधड सुरू झाली की मी तिला विचारते, "कुणासाठी?" श्वास सावकाश सोडते, त्या सोडण्याबरोबर मनात एकदा 'विठ्ठल' म्हणते आणि पुढचे एकच काम हाती घेते. औषधाचे नाव व मात्रा मोठ्याने उच्चारून सोबतिणीकडून तपासून घेते. नाम घेतले म्हणून तपासणी टळत नाही. चूक दाखवली की पूर्वी राग येई. आता हायसे वाटते.

सगळेच वाचतात असे नाही. मण्यार झोपेत चावते, जखम दिसतही नाही, आणि कोणी फार उशिरा पोहोचते. त्या रात्री घरी आल्यावर धडधड पुन्हा येते. तिला मी हाकलत नाही. सोबतिणीशी बोलते, रडू आले तर रडते, मग टाळ हाती घेते. ती थांबली नाही, तर डॉक्टरांना सांगायलाही लाजत नाही.

परवा नवी मुलगी म्हणाली, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

म्हटले, "वाटते गं. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी माझ्यावर लक्ष ठेव."